माया दोन इंच

जूनमध्ये शाळा उघडली त्या सोमवारी नाक्यावर एक गाडी आली. आमच्या शाळेतली चौदा मुलं तिच्यात बसली आणि गाडी गेली.

शाळेसमोर भाताच्या गिरणीची पडवी होती. तिथं टेलर मशीन मांडून बसायचे. त्यांनी पाय थांबवला, दातात धरलेला दोरा काढला आणि फाटकात उभ्या असलेल्या मला म्हणाले, "मास्तर, नऊ चड्ड्या नि पाच झगे गेले."

मी मुलं मोजली होती, त्यांनी कपडे. बेरीज एकच आली.

शाळेतलं माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुणी तरी गुरुजी येतील, फार तर घंटा वाजवणारा शिपाई येईल. टेलर आमच्या शाळेत कुणीच नव्हते. पगारपत्रकात नव्हते, पालक समितीत नव्हते. तरी त्या शाळेची आठवण काढली की मला आधी मशीनचा आवाज ऐकू येतो, मग पाढ्यांचा.

गाव शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. नाका, गिरणी, दवाखाना, आठवड्याचा बाजार, आणि गावाच्या कडेकडेनं शेतांपलीकडे वाड्या. ज्यांना वाशिंदच्या कारखान्यात नोकरी लागली त्यांच्याकडे रेल्वेचा पास आला, पासामागून पँट-शर्ट आला आणि आता इंग्रजी शाळेची गाडी आली. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी नगरकडचा, नोकरीचं दुसरं वर्ष. खोलीत एक स्टोव्ह आणि बाकी पुस्तकं. फारसा बोलत नसे. टेलर म्हणायचे, "तुमी बोलत नाय ते बरं हाय. मास्तर गप असला का पोरांना बोलाया जागा होते."

ते बौद्धवाड्यातले. तरुणपणी कल्याणला एका दुकानात काज-बटण करता करता कापायला शिकले आणि मशीन घेऊन गावी परत आले. अंगानं काटकुळे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, गळ्यात टेप. समोर मूल आलं की ते चेहऱ्याकडे पाहत नसत, मनगटाकडे पाहत. बाही मनगटाच्या किती वर गेली आहे हे पाहून म्हणत, "वाढतं अंग हाय." हे वाक्य ते दिवसातून वीस वेळा म्हणत आणि प्रत्येक वेळी त्यांना त्याचा नव्यानं आनंद होई.

एकदा त्यांनी मला पडवीत बोलावलं आणि चौथीतल्या एका मुलाबद्दल हळू आवाजात सांगितलं. "याची चड्डी मी गेल्या पावसात शिवली. या पावसात बी तशीच बसतेय. वर्षात पोर वाढलंच नाय. घरी बघा काय ते." मी गेलो. घरी आई आजारी होती आणि मुलगा एक वेळ जेवत होता. वर्गात तो रोज माझ्यासमोर तिसऱ्या ओळीत बसत होता आणि मला काही दिसलं नव्हतं.

त्याच मुलाला आम्ही स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवलं. टेलरांनी त्याला शर्ट शिवून दिला, त्याला खिसाच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ह्याला खिशात हात घालून इचार करायची सवय हाय. पेपरात टाइम जातो." मुलगा पास झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगा स्कॉलरशिपला लागला ही गोष्ट नाक्यावर चार दिवस पुरली. त्यानंतर दोन आया बिनखिशाचा शर्ट मागायला टेलरांकडे आल्या. टेलरांनी त्यांना शिवून दिला आणि मला म्हणाले, "मी सांगितलं, हुशारी खिशात नसते. पण ऐकतंय कोण."

तर गाडी येऊन गेली त्याच्या पुढच्या महिन्यात पंचायत समितीचं पत्र आलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ते दोनदा वाचलं. तीस सप्टेंबरला पटावर आणि प्रत्यक्ष वर्गातही एकशेवीस मुलं दिसली नाहीत, तर पाचवी ते सातवीचे वर्ग बंद होणार होते. पुढं शिकायचं तर शहापूर. मुलगे कसेही जातील, मुली घरी बसतील. बाईंनी पत्राची घडी घातली आणि त्या सहावीच्या वर्गाकडे पाहत राहिल्या. सहावीत अकरा मुली होत्या. त्यांतली एक टेलरांची सुजाता.

टेलरांना मी हे सांगितलं तेव्हा ते काज करत होते. त्यांनी काज पुरं केलं. मग म्हणाले, "मी चौथी शिकलो. पाचवी शहापूरला होती, नि चपला बापाच्या पायात होत्या." थोड्या वेळानं, "किती कमी हायेत?"

"सत्त्याण्णव आहेत. तेवीस पाहिजेत."

"तेवीस मापं," ते म्हणाले. "तुमी शाळा सांभाळा. वाड्या मी सांभाळतो."

भातलावणी उरकली की वाडीतली माणसं जरा मोकळी असतात. टेलर सायकलवरून रोज एका वाडीला जाऊ लागले. त्यांची रीत साधी होती. शाळेत घाला, असं ते कुणाला म्हणतच नसत. मुलाला उभं करायचे आणि माप घ्यायचे. छाती, खांदा, बाही, कंबर. गणवेशाचं सरकारी कापड आलेलंच होतं. माप घेतलं की कपडा येणार, कपडा आला की तो घालून कुठं तरी जावं लागणार. "आमंत्रण दिलं तर माणूस नाय बोलतो," ते म्हणायचे. "माप घेतलं का नाय कसं बोलल?"

अडचण एकच, म्हाताऱ्यांची. पोराला मोजू नये, मोजलं की ते खुंटतं, ही तिकडची समजूत. म्हातारी दारात आडवी यायची. "नको मोजू रे, खुटल पोर." टेलर वाद घालत नसत. आपली मापाची वही तिच्यासमोर धरत आणि मोठ्यानं म्हणत, "मोजतो, पर माया सोडतो गो आजी. ही बघ, ल्हिली." मुलाच्या नावाखाली वेगळ्या ओळीवर, ठसठशीत अक्षरात ते लिहीत: माया २. कुणाला माया ३. म्हातारीला वाचता येत नसे, पण वेगळी ओळ दिसे. ती बाजूला होई.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त वही मिळाली. टेलर ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "उतरून घ्या, मला परत पायजे." मी दाखलपात्र मुलांची यादी करायला बसलो. शाळेत घालण्यालायक वयाची मुलं या यादीत येतात आणि यादी तालुक्याला जाते. वहीत नावं होती, इंच होते, आणि माया होत्या. पुष्कळ माया होत्या. आमच्या दुसरीत दोन सुरेश होते, त्यांना आम्ही सुरेश १ आणि सुरेश २ म्हणायचो. वाडीतही तसंच असणार, असं मी धरलं. एका मायापुढे दीड लिहिलं होतं. ते वय समजून मी तिला अंगणवाडीची म्हणून गाळलं, आणि यादी काटेकोर झाली याचं मला समाधान वाटलं.

बाईंनी यादी वाचली. "नऊ माया?"

"तिकडे ते नाव आवडीचं दिसतं," मी म्हणालो.

"साथ आल्यासारखं?" पण त्यांनी बेरीज केली आणि त्यांचा चेहरा उजळला. चौदा इतर आणि नऊ माया, तेवीस. सत्त्याण्णव आणि तेवीस, एकशेवीस. त्या दिवशी बाईंनी आम्हा सगळ्यांना स्वतःच्या हातचा चहा पाजला. यादी तालुक्याला गेली.

सप्टेंबर संपायला दोन दिवस असताना टेलर गणवेशांचं गाठोडं घेऊन आले. वाडीतली मुलंही त्यांच्या मागून आली होती, गणवेश मिळणार म्हणून. मी यादीतून एकेक नाव पुकारत होतो. मूल पुढं येई, टेलर कपडा देत. पाचव्या नावाला मी म्हणालो, "माया."

कुणी आलं नाही.

"माया," मी पुन्हा म्हणालो. "पहिली नाही, दुसरी माया."

टेलरांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण माया?"

मी यादी त्यांच्यापुढे धरली. ते चष्मा सावरून वाचत गेले. माया, मुलगी. माया, मुलगी. त्यांचे ओठ हलत होते. मग ते गाठोड्यावर खाली बसले आणि हसू लागले, आवाज न करता, खांदे हलवत. त्यांनी एका मुलाची नवी चड्डी उलटी केली आणि शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड मला बोटानं दाखवलं. "मास्तर, ही माया. पोर वाढलं का उसवायची. तुमी हिला शाळेत घातली."

संतांची माया मला ठाऊक होती. आईची होती. कापडातली नव्हती.

हसणं ओसरलं तशी मी यादीची बेरीज पुन्हा मांडली. पट एकशे अकरा होता, आणि तालुक्याला आम्ही नऊ नसलेल्या मुली कळवल्या होत्या. खोटा पट दाखवला म्हणून नोकऱ्या गेल्याचं आम्ही ऐकलेलं होतं. मी बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक तुमची आहे, सही माझी आहे. तपासणीला येतील त्या साहेबांना मी खरं तेच सांगणार. पण तुम्ही मला नऊ मुलं आणून द्या, म्हणजे सांगताना माझा आवाज नीट निघेल."

ते दोन दिवस आठवले की आजही मला बसवत नाही. टेलर पुढं सायकलवर, मी मागं बांधावरून चालत. कुठल्या घरात न मोजलेलं मूल आहे हे टेलरांना पाठ होतं. त्यांनी आजवर त्या घरांतल्या बायकांची पोलकी शिवली होती. "त्या घरात दोन हायेत, एक बकऱ्यांवर असल." खरंच असे. बकऱ्यांमागे गेलेल्या मुलाला त्यांनी रानात गाठून खडकावर उभं केलं आणि माप घेतलं. बकऱ्या पांगल्या, त्या मी गोळा केल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. एका बापानं विचारलं, "दिवाळीनंतर आमी इटभट्टीवर जाणार, मग काय करशील?" टेलर म्हणाले, "दिवाळी उद्या हाय का? उद्या शाळा हाय." बाप हसला. मुलगा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठ झाली. नववी बुधी. नऊ-दहा वर्षांची, कमरेवर तान्हा भाऊ. आईबाप मजुरीला, घरात आजी, आणि आजीला दिसायचं कमी.

"ही शाळेत गेली तर ह्याला कोन घेल? तू?" आजीनं विचारलं.

"घेतो की."

"तुझं मशीन कोन चालवल?"

"तू चालव."

"जा रे मेल्या," आजी म्हणाली, पण हसली. टेलरांनी टेप काढला. "नको मापू." टेलरांनी वही काढली आणि या वेळी माझ्याकडे पाहत मोठ्यानं म्हणाले, "माया तीन इंच. मास्तर, ही पोरगी नाय बरं का."

तान्ह्याचं काय करायचं ते मात्र ठरलं नाही. टेलर म्हणाले, "सकाळी बघतो."

तीस तारखेला सकाळी बाईंनी निरोप धाडले होते. ताप असला तरी पांघरूण घेऊन या. मुलं आली. नवे नऊजण टेलरांनी रात्र जागून शिवलेल्या, कडक इस्त्रीच्या शर्टात हात अंगापासून लांब धरून उभे होते, कपडा मोडेल म्हणून. त्यांतच बुधी होती, आणि तिची कंबर मोकळी होती. मला वाटलं, जमलं.

पंचायत समितीचे विस्तार अधिकारी मोटारसायकलवरून आले. शिस्तीचा माणूस, हसण्यावर वेळ न घालवणारा. बाईंनी पाणी देण्याआधीच मायांची चूक सांगून टाकली. साहेबांनी यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "तुमचं शिक्षण?"

"एम. ए. मराठी."

"हं," ते म्हणाले. त्या एका अक्षराइतका अपमान पुढं कुणी केला नाही. "कागदाचं नंतर पाहू. मला डोकी दाखवा."

त्यांनी पहिलीपासून मोजायला घेतलं. प्रत्येक रांगेवरून पेन्सिल फिरत गेली. मीही त्यांच्या मागून मनात मोजत होतो. सातवीच्या शेवटच्या बाकाशी ते थांबले.

"एकशे एकोणीस."

पुन्हा मोजलं. एकशे एकोणीस. बाई हजेरी घेऊन वर्गावर्गांत गेल्या आणि सहावीतून घाईनं बाहेर आल्या. "सुजाता कुठं आहे?"

टेलर पडवीतून आले. सगळ्यांच्या डोळ्यांकडे पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं ते मला त्यांच्या हातांवरून कळलं. गळ्यातला टेप ते दोन्ही हातांनी ओढत होते. "ती वाडीत," ते म्हणाले. "बुधीच्या भावाला घेऊन बसलीय. मीच बसवली." नववं मूल आणण्यासाठी त्यांनी आपलं मूल तिकडे ठेवलं होतं. बेरजेत एक आला होता आणि एक गेला होता, आणि रात्रंदिवस इंच मोजणाऱ्या त्या माणसाला ते दिसलं नव्हतं.

"साहेब, चहा घ्या," टेलर म्हणाले. "चहा होईस्तोवर आलो." आणि सायकलवर टांग टाकली.

चहा झाला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी पोहे करायला घेतले, ते मुद्दाम सावकाश निवडले. मी शाळेच्या फाटकात उभा होतो आणि मला एकही पुस्तक आठवत नव्हतं. पोह्यांची बशी रिकामी झाली तेव्हा रस्त्याच्या वळणावर सायकल दिसली. दांडीवर सुजाता, तिच्या मांडीवर तान्हा, आणि मागच्या कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, टेलरांच्या नावानं शंख करत बसलेली बुधीची आजी. टेलरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"पोर नेतोस तर म्हातारी बी ने," आजी उतरता उतरता म्हणाली. "आंधळी मी एकटी घरात काय करू?"

सुजाता धावत सहावीत जाऊन बसली. साहेबांनी पेन्सिलीनं हवेत एक रेघ मारली. "एकशेवीस." मग त्यांनी तिच्यासमोर इतिहासाचं पुस्तक उघडून धरलं. "वाच." ती अजून धापा टाकत होती. तिनं वाचलं, अर्ध्या वाक्यात श्वास घेत, पण एकही शब्द न चुकता, आणि साहेबांनी थांब म्हणेपर्यंत पान उलटून पुढं वाचत गेली. व्हरांड्यात आजीच्या मांडीवर तान्हा झोपला होता. टेलर खिडकीबाहेर उभे होते. ते मुलीच्या मनगटाकडे पाहत नव्हते, तोंडाकडे पाहत होते.

जाताना साहेबांनी मायांच्या नावांवर रेघा ओढल्या, नवी नऊ नावं लिहून घेतली आणि सही केली. मोटारसायकल सुरू करता करता टेलरांना म्हणाले, "माझी पँट कमरेला घट्ट होते आहे."

टेलरांनी वाकून शिवण चिमटीत धरली. "माया हाय साहेब. उसवून देतो. बसा."

आणि साहेब बसले. गिरणीच्या पडवीत, टॉवेल गुंडाळून, अर्धा तास. सातवीची मुलं खिडकीतून पाहत होती आणि बाईंनी त्यांना हटकलं नाही.

आजी पुढं रोज येऊ लागली. व्हरांड्यात बसून ती पहिलीचे पाढे ऐकायची आणि चुकलं की बाहेरून सांगायची. दिवाळीनंतर बुधीचे आईबाप भट्टीवर गेले तेव्हा म्हातारी नातवंडांना घेऊन मागं राहिली. "माझी शाळा बुडल," असं ती टेलरांना म्हणाली होती.

काही वर्षांनी शिवलेले गणवेश तालुक्याहून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत येऊ लागले. लहान, मध्यम, मोठा. टेलर ते उलटे करून पाहत आणि परत घडी घालून ठेवत. पोलकी आणि रफू एवढंच काम उरलं. तरी सकाळी घंटा झाली की ते हातातलं थांबवून फाटकाकडे बघत बसत. गाडीतून गेलेल्या चौदांपैकी तीन मुलं परत आली, ती आधी त्यांनीच पाहिली. माझी बदली मुरबाड तालुक्यात झाली त्या दिवशी त्यांनी माझी बाही ओढून पाहिली. "तुमचं अंग वाढत नाय आता. तब्येत सांभाळा."

ते गेल्याचं मला सुजाताच्या पत्रानं कळलं. सकाळी मशीनला तेल देताना गेले. पत्र नीटस होतं, एकही खाडाखोड नव्हती. मी गेलो तेव्हा तिसरा दिवस झाला होता. बुधी आली होती, कडेवर स्वतःचं मूल. हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

गिरणी पाडून तिथं आता गाळे झाले आहेत. समोर शाळा आहे. पाचवी, सहावी आणि सातवी असे तिन्ही वर्ग भरतात. यंदा सातवीत सोळा मुलं आहेत, त्यांत दहा मुली.